ओढ्याकाठची जबानी

वैभव जेवायला बसला की दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं घालून बसायचा, आणि गोजराबाईचं डोकं तिथंच फिरायचं. आईनं थापलेली भाकरी पुढ्यात, आई समोर, आणि याचे कान भलतीकडे. मध्येच गालात हसणार, मध्येच मान हलवणार, मोबाइलवर बोट फिरवून काहीतरी मागं नेणार आणि पुन्हा ऐकणार. कालवणात मीठ बरोबर पडलंय का विचारलं तर "अं?" करणार. थिट्यांच्या एवढ्या मोठ्या खटल्यात गोजराबाईचा सासरा म्हणजे वाघ होता. पण तिनं वाढलेल्या ताटावर बसून त्यानंसुद्धा कधी तिच्याकडं असं दुर्लक्ष केलं नव्हतं.

"काय ऐकतोस रं एवढं? कुणाची वरात निघालीय त्यात?"

"काम आहे, आई. गावाचे आवाज तपासतोय."

"गावाला त्वांड न्हाई व्हय? पारावर जा की. तिथं फुकट ऐकायला मिळतंय."

वैभव हसला आणि बोंडं होती तिथंच राहिली. तो बोरखिळ्याचा 'मतमित्र' होता. कंत्राटी का होईना, पण सरकारी नोकरी. त्या नोकरीकडं बघूनच शेवगावकडच्या एका घरानं त्याला मुलगी द्यायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर साखरपुडा होता. नुसत्या शेतीवर मुलगी मिळत नव्हती, हे गोजराबाईला चार ठिकाणचा नकार पचवून कळलं होतं. म्हणून ती त्या बोंडांकडं बघून दात खायची, पण ओढून काढत नव्हती.

त्याच दुपारी कडूबाई आली.

कडूबाई ही तिची विहीण. गोजराबाईची धाकटी लेक शीतल, ओढ्यापलीकडच्या करंजवाळात, कडूबाईच्याच घरात दिलेली. एरवी कडूबाई यायची ती मागच्या दारानं, थेट चुलीशी, आणि आल्याआल्या पातेल्यांवरची झाकणं उघडून बघायची. आज ती अंगणात उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, सांत्वनाला आल्यासारखी.

"इहीणबाई, उन्हात का उभ्या? आत या की."

"हितंच बरं हाय. सांगायला आले. तुमचं म्हणणं सरकारनं ऐकलं. आमच्या दवाखान्याला कुलूप लागलं."

"माझं कसलं म्हणणं?"

"पोळ्याच्या करीला म्हणला हुता ते. नर्सबाईची बदली झाली. बाळंतिणीची खाट टेम्पोत घालून नेली. सायबानं गावात येऊन वाचून दाखवलं, बोरखिळ्याच्या बायांची मनापासूनची इच्छा हाय म्हणं. पहिलं नाव गोजराबाई थिटे."

गोजराबाई उंबरा ओलांडून अंगणात उतरली.

"आन् तुमची येष्टी बंद झाली ना?" कडूबाई म्हणाली. "ती माझ्या त्वांडानं. ते बी वाचलं सायबानं. फिटंफाट झाली म्हणा. पण शीतलला सातवा लागलाय, इहीणबाई. तेवढं ध्यानात ठेवा."

आणि ती चहा न घेता गेली.

बोरखिळे आणि करंजवाळ यांच्या मधून वांजुळी ओढा वाहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. ही आजकालची गोष्ट नाही. हलगी वाजते, पुरुषांना काठाकडं फिरकू देत नाहीत, आणि सूर्य कलेपर्यंत दोन्ही काठ नुसते पेटलेले असतात. नियम ठरलेले. कुणाच्या मरणाचं नाव काढायचं नाही, कुणाच्या कपाळाचं काढायचं नाही. बाकी सगळं मोकळं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की त्या दिवशी ओढ्यावर बोललेलं उलटं फळतं. "तुझ्या गाईच्या सडात बोटभर दूध न राहो" म्हटलं की ती गाय वर्षभर चरवी भरते. "तुझ्या कणगीत उंदरांची लग्नं लागोत" म्हटलं की धान्य ठेवायला जागा पुरत नाही. त्यामुळं ज्याच्यावर जीव जास्त, त्याला शिवी जहरी. एका वर्षी करंजवाळच्या एका नव्या सुनेला पलीकडून कुणीच शिवी दिली नाही, तर ती पोर ओढ्याच्या काठावर बसून रडली होती. मग गोजराबाईनंच तिच्या नवऱ्याच्या मिशांवरून अशी झोड उठवली की पोरगी हसत घरी गेली. संध्याकाळी दोन्हीकडच्या बाया पाण्यात उतरून एकमेकींच्या ओट्या भरतात, आणि दिवसभर तू-तू करून घसा बसवलेल्या विहिणी पुन्हा अहो-जाहोवर येतात.

या कलेत गोजराबाईचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. असलीच तर कडूबाई.

यंदा ती काठावर उभी राहिली तेव्हा पलीकडं शीतल उभी होती, पोट जरा पुढं आलेली, सासरच्या बाजूनं, रीतीप्रमाणं. शीतलच्या पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. करंजवाळच्या दवाखान्यातली नर्स वेळेवर हाताशी होती म्हणून ती वाचली. त्या दवाखान्याइतकी मोलाची वस्तू गोजराबाईला दोन्ही गावांत दुसरी दिसत नव्हती. म्हणून तिनं छाती भरून श्वास घेतला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडली, "कडे, तुमच्या दवाखान्याला कुलूप लागो, नर्सबाईची पेटी गाढवावर जावो, आन् त्या खाटंवर घोरपडी निजोत."

करंजवाळचा काठ टाळ्यांनी दुमदुमला होता, आणि कडूबाईनं उत्तरादाखल बोरखिळ्याच्या एसटीला शिवी हासडली होती. शीतलनं तिकडून पोटावर हात ठेवून हसत मान झुकवली होती.

वैभव रानातून आला तेव्हा गोजराबाई उंबऱ्यावर बसली होती.

"बोंडं काढ."

त्यानं काढली.

"करीला वढ्यावर यंत्र लावलं हुतंस?"

पायातली चप्पल काढायची राहिली होती, ती काढायला त्यानं खूप वेळ घेतला.

"लावलं हुतंस का न्हाई?"

"बाभळीला लावलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही काठांचं पकडतं ते. आई, माझ्यापुढं इलाज नव्हता."

त्याच्यापुढं इलाज का नव्हता ते समजायला यंत्राची गोष्ट समजून घ्यावी लागते. माणूस बोलतो तेव्हा शब्दांच्या खाली आणखी बरंच काही हवेत जातं. घशाचे स्नायू किती ताणले, श्वास कुठं तुटला, आवाजात कानाला न कळणारी थरथर किती. कंटाळून किंवा दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललेल्या वाक्यात ती थरथर सपाट असते. जीव ओतून बोललेल्या वाक्यात ती उंच चढते. ती मोजणारं यंत्र निघालं, आणि त्या मापाला नाव पडलं 'आच'. मग पुढची पायरी. एखाद्याचं वर्षभराचं बोलणं ऐकायचं, ज्या बोलण्याला आच जास्त त्याला वजन जास्त द्यायचं, आणि त्यातून त्या माणसाची एक प्रतिकृती उभी करायची. माणसाला अमुक विचारलं तर तो काय म्हणेल, हे ती प्रतिकृती त्याला न विचारता सांगणार. सरकारी भाषेत 'प्रतिमत'. बोरखिळ्याच्या बाया तिला सावली म्हणायच्या.

आधी शहरांत ताडून पाहिलं. सावलीचं उत्तर आणि माणसाचं उत्तर दहांत नऊ वेळा जुळलं. तेव्हा माणसाला विचारणं बंद झालं. एसटी कुठं न्यायची, नर्स कुठं ठेवायची, नळाची लाइन कुठून काढायची, असला प्रश्न निघाला की जिल्ह्यातल्या सगळ्या सावल्यांना एका झटक्यात विचारायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखभर उत्तरं. खर्च त्याप्रमाणं फिरायचा. सरपंच निवडून यायचा, फेटा बांधायचा, पण ठरवायचं असं त्याच्याकडं फारसं काही उरलं नव्हतं. ग्रामसभा तर कायद्यातूनच गळून पडली. फक्त सावली तयार व्हायला प्रत्येक माणसाच्या आवाजाचे ठरावीक तास लागायचे, आणि ते भरून देणं हे मतमित्राचं काम.

"गडी माणसं पारावर बोलतात, त्यांचे तास भरतात," वैभव सांगत होता. "बायकांपुढं फोन धरला की गप्प. नाहीतर म्हणतात, ह्यांना विचारा. तुम्हा सगळ्यांचे रकाने रिकामे. वरून रोज फोन. गावाचं वजन कमी होईल, माझं कंत्राट जाईल. आणि करीला तुम्ही दिवसभर बोलता. तेही अशा आचेनं, की यंत्रानं तेवढी आच जिल्ह्यात कुठं बघितलीच नव्हती."

"मग मला इचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर बोलली असतीस?"

"न्हाई."

"मग."

गोजराबाई उठून उभी राहिली. वैभव एक पाऊल मागं सरला.

"ग्रामसभा होती तेव्हा तरी कुठं विचारलं होतं कुणी कुणाला?" तोही चिडला. "कोरम भरायला शिपाई घरोघर फिरायचा. तू गेलीस कधी? इथं दारात बसून सरपंचाच्या सात पिढ्या काढायच्या आणि सभेला कुणी जायचं नाही. आता निदान प्रत्येकाचं मत पोचतं."

"न्हाई गेले. ऐन पाण्याच्या टायमाला सभा. गेलेल्या बाईला कोपऱ्यात सतरंजीवर बसवायचं, अंगठा घ्यायचा आन् चहा बाप्यांना. असल्या सभंला मी माझी चप्पल बी पाठवली नसती. पण तिथं माझ्या नावानं दुसरं कुणी बोलत तरी नव्हतं."

एसटी बंद, म्हणून मायलेक दुधाच्या टेम्पोत कॅनना धरून तालुक्याला गेली. जनमत केंद्र नवं होतं, आत थंडगार. अधिकारी गोसावी नावाचा तरणाताठा माणूस, बोलायला अदबशीर. त्यानं गोजराबाईला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मावशी, तुमचं प्रतिमत आम्ही प्रशिक्षणात दाखवतो. इतकी स्वच्छ आच फार कमी लोकांची असते. तुम्ही जे बोलता ते मनापासून बोलता."

ऐकून गोजराबाईची मान क्षणभर ताठ झाली. मग तिला आपण कशासाठी आलोय ते आठवलं.

"त्या सावलीशी मला बोलायचंय."

गोसावीनं वैभवकडं बघितलं, खांदे उडवले आणि बटण दाबलं. भिंतीतून आवाज आला. गोजराबाईचाच. पुढच्या पडक्या दातामुळं शब्दाला जी फट पडते ती नव्हती, चुलीच्या धुरानं आलेला खोकला नव्हता, पण आवाज तिचाच.

"तू कोण गं?" गोजराबाईनं विचारलं.

"म्या गोजराबाई थिटे. बोरखिळ्याची."

"करंजवाळच्या दवाखान्याचं काय करावं वाटतं तुला?"

"कुलूप लागावं. ही माझी मनापासूनची इच्छा हाय."

"लेक कुठं दिली तुझी?"

"करंजवाळात."

"कितवा महिना तिला?"

सावली थांबली. "त्याबद्दल माझं बोलणं नोंदलेलं न्हाई."

"पोळ्याच्या करीला आपुन शिव्या का देतो?"

"करंजवाळच्या लोकांबद्दल माझ्या मनात लई राग हाय."

गोजराबाईनं पदर कमरेला खोचला. गोसावी घाईनं पुढं झाला आणि त्यानं भिंत बंद केली.

"मावशी, मला वैभवनं हळूच कानात प्रथा सांगितली आत्ता. उलटं फळतं वगैरे. पण तसं तुमच्या दोन गावांत कुणी एकदाही बोललेलं नोंदीत नाही. कुणी म्हणालं असतं की आम्ही हे प्रेमानं म्हणतो, तर यंत्र शिकलं असतं."

"जे समद्यांला ठावं असतं ते कोण बोलत बसतं, सायेब? तुमच्या घरी रोज सकाळी आई सांगती का, ही माझी चूल, ही मी, हा तू?"

"पण आच खरी होती," गोसावी म्हणाला. "त्यात तर चूक नाही ना?"

"खरीच हुती. जिथं जीव, तिथंच आच."

मग गोसावीनं दोन मार्ग सांगितले. एक, बायांनी दवाखाना हवा असं तितक्याच आचेनं बोलत राहायचं. वर्षभरात सावली वळेल. शीतलचे दिवस भरायला तीन महिनेही उरले नव्हते. दुसरा मार्ग सांगताना त्यानं आवाज उतरवला. संमतीशिवाय घेतलेला आवाज कायद्यानं बाद होतो. आवाज बाद झाला की त्यावर घेतलेला निर्णय त्याच दिवशी थांबतो. नर्स परत येते, गाडी परत येते.

"दोन्ही गावांच्या सर्व महिलांची तोंडी संमती मतमित्रानं नोंदवलेली आहे," तो म्हणाला. "ती खोटी आहे असं तुमच्यापैकी एकीनं खुल्या सुनावणीत सांगितलं, तरी पुरे. पण मग मतमित्रावर गुन्हा दाखल होतो. काम तर जातंच."

वैभव खिडकीतून बाहेर बघत होता.

घर आल्यावर वैभव म्हणाला, "आई, पहिला मार्ग करून बघू. मी सगळ्या बायांना गोळा करतो. दवाखाना सुरू व्हावा असं मनापासून म्हणा. आच चढेल."

गोजराबाईनं तेही करून बघितलं. लेकाचा साखरपुडा तिलाही हवाच होता. मारुतीच्या देवळात बाया जमल्या, वैभवनं यंत्र मधोमध ठेवलं, आणि एकेक बाई पदर सावरून, शाळेतल्या पोरीसारखी, "करंजवाळचा दवाखाना लवकर सुरू व्हावा ही विनंती" म्हणू लागली. यंत्रावरचा आचेचा काटा तळाला पडून राहिला.

"जरा जोरात," वैभव म्हणाला.

"मागायला लागलं की आवाज बसतोच बाबा," सुताराची पार्वती म्हणाली. "आम्हाला मागायची सवय हाय ती अशीच."

"वैभ्याला शिव्या देऊ का?" दुसरी म्हणाली. "बघ कसा काटा चढतोय."

बाया हसल्या. गोजराबाई हसली नाही. गेल्या काही दिवसांत नळावरचं भांडण बंद पडल्याचं तिनं पाहिलं होतं. हंड्याला हंडा लागला तरी बाया ओठ मिटून बाजूला सरकत होत्या. कोण जाणे, कुठल्या झाडाला काय बांधलंय. एकीनं तर सुनेशी खुणांनीच बोलायला सुरुवात केली होती. शीतलचाही फोन आला होता. "रीत मला ठावं हाय गं आई," ती म्हणाली होती. "पण हितं लोक म्हणत्यात, यंत्रानं आईच्या पोटातलं काढून दाखवलं. सासूबाई काय बोलत न्हाईत. नुसत्या बघत्यात माझ्याकडं." आणि मग हळूच, "तू खरंच मनातनं म्हणली न्हाईस ना?" पोटच्या लेकीनं असं विचारावं, हे गोजराबाईला जिव्हारी लागलं होतं. तिनं उत्तर न देता फोन ठेवला होता.

आणि मग एका सकाळी कडूबाईनं निरोप धाडला. या आणि बघा, एवढाच.

गोजराबाई ओढ्यातून चालत गेली. शीतल पडवीत खाटेवर बसलेली. तोंड सुजल्यासारखं, बोटात अंगठी रुतलेली. "डोळ्यापुढं चांदण्या येत्यात, आई," ती म्हणाली. कडूबाईनं सुनेच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला. तो तसाच राहिला. दोघी विहिणी त्या खळग्याकडं बघत उभ्या राहिल्या. तो भरून यायला फार वेळ लागत होता.

"नर्सबाई हुती तर दर आठवड्याला दंडाला पट्टा लावून बघायची," कडूबाई म्हणाली. "आता कोण बघणार? तालुक्याला न्यायचं तर गाडी बी न्हाई. गाडी मी घालवली, दवाखाना तुम्ही."

"ट्रॅक्टर काढा," गोजराबाई म्हणाली.

ट्रॉलीत गादी टाकून शीतलला तालुक्याला नेलं. खड्डा आला की दोन्हीकडून दोघी तिला धरायच्या. डॉक्टरांनी दाब मोजला आणि तोंड गंभीर केलं. गोळ्या दिल्या. आजचं भागलं, पण दाब रोज बघितला पाहिजे, म्हणाले, आणि कळा सुरू झाल्यावर एवढा रस्ता करायची वेळ आली तर काही सांगता येणार नाही. इथं खाटा भरल्यात. तुमच्या गावाजवळ उपकेंद्र आहे ना? तिथं ठेवा.

ट्रॉलीत परत बसताना कडूबाईनं गोजराबाईचा हात धरला. "म्या बी वेडी," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या शिव्या खाल्ल्या तुमच्या, आन् एका यंत्राचं ऐकून दारातनं माघारी गेले."

"मी सुनावणी मागते. तिला या," गोजराबाई म्हणाली. "करंजवाळच्या समद्या बाया घेऊन या. आन् पुढं बसा. कोपऱ्यात न्हाई."

वैभवनं त्या रात्री जेवण केलं नाही. तो म्हणाला, केस झाली तर पुन्हा कुठं काम मिळणार नाही. म्हणाला, शेवगावच्या माणसांना काय तोंड दाखवू. म्हणाला, शीतलला दोन महिने तालुक्यात खोली करून ठेवू, मी सगळं बघतो, पण तू सुनावणीत काही बोलू नको. ते ऐकताना गोजराबाई त्याच्याकडं बघत होती. लहानपणी तो चुकला की असाच भिंतीला नख लावत बोलायचा.

"आन् शीतलच्या शेजारची ती कोल्ह्याची सून? तिला पाचवा हाय," ती म्हणाली. "तिला बी खोली करणार का? आन् तिच्या पुढचीला?"

"सगळ्या गावाचं मी एकट्यानं कसं बघणार, आई?"

"मग समद्या गावाच्या तोंडानं एकट्यानं 'व्हय' कसा म्हणलास?"

सुनावणी बोरखिळ्याच्या समाजमंदिरात होती. कित्येक वर्षांत गावात एवढी माणसं एका जागी बसली नव्हती. बाया पुढच्या खुर्च्यांवर, गडी मागं उभे. मागच्या बाजूनं कुरबुर झाली, पण कडूबाईनं वळून बघितल्यावर थांबली. गोसावी टेबलाशी, आणि त्याच्या शेजारी वैभव, यंत्र सांभाळायला. ते त्याचंच काम होतं.

"मावशी," गोसावी म्हणाला, "मला एकच विचारायचंय."

"गोजराबाई म्हणा. तुमच्या यंत्रात नाव तसंच हाय."

"गोजराबाई, करीच्या दिवशी तुमच्या आवाजाची नोंद तुमच्या संमतीनं झाली होती का?"

वैभवनं मान वर केली.

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. "मला कुणी इचारलं न्हाई. हितल्या एका बी बाईला इचारलं न्हाई. माझ्या पोरानं बाभळीला यंत्र बांधलं, आन् आमच्या वतीनं 'व्हय' त्यानंच लिहिलं. आता तुम्ही हे लिहा."

मागून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. गोसावीनं वैभवला विचारलं, हे खरं आहे का. वैभवनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"आई," तो म्हणाला, "घरी बोलू आपण."

"घरी न्हाई. घरी मला माया येईल. हितंच ऐक." गोजराबाई खुर्चीवरून उठली आणि त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "यंत्र परगावचं. सायेब परगावचा. त्यांना वढ्यावरची बोली कळली न्हाई, त्यांचं मी काय करू? तू त्या काठावर माझ्या कडंवर बसून शिव्या ऐकत वाढलास. दवाखान्याला कुलूप लागो म्हणली तेव्हा मी तुझ्या भैनीसाठी काय मागत हुते, ते तुला ठावं हुतं. यंत्राला चुकीचं समजलं, तुला बरोबर समजलं हुतं. बरोबर समजून बी तू गप बसलास, कारण तुझे तास भरत हुते. म्हणून गुन्हा यंत्राचा न्हाई, तुझा हाय. काम जाऊ दे. सोयरीक मोडली तर मोडू दे. तू माझं लेकरू हायस, तारीख पडंल तेव्हा कोर्टाच्या दारापतोर मी तुझ्यासंगं येईन, तुला उपाशी राहू देणार न्हाई. पण जज्जानं मला बोलावलं, तर साक्ष मी तुझ्या इरुद्धच देईन."